रहस्यमालिका पाहण्याचे शिष्टाचार

रहस्यमालिका बघायला बसताना वही-पेन आधी लांब ठेवा. टिपणं काढणारा प्रेक्षक कोणत्याच लेखकाला परवडत नाही. पहिल्या सीझनमध्ये काय म्हटलं होतं, हे पाचव्या सीझनमध्ये फक्त त्यालाच आठवत असतं.

सरावासाठी ‘लॉस्ट’ घ्या. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर २००४ ते २०१०, सहा सीझन. विमान बेटावर कोसळतं आणि सुरुवातीलाच उष्ण प्रदेशातल्या जंगलातून ध्रुवीय अस्वल धावत येतं. ‘हे आलं कुठून?’ असं मनात आलं तर पाणी प्या. त्याहून वाढलं तर झोपा.

आकडे तर अजिबात पाठ करू नका. ४, ८, १५, १६, २३, ४२. याच आकड्यांवर एकाला लॉटरी लागते, हेच जमिनीतल्या झाकणावर कोरलेले असतात, हेच दर १०८ मिनिटांनी कॉम्प्युटरमध्ये टाइप करावे लागतात. बेरीजही १०८च. केलीत ना लगेच? तिथेच चुकलात. सहाव्या सीझनमध्ये कळतं की बेटाच्या रखवालदाराच्या जागेसाठी जे उमेदवार होते, त्यांच्या नावांपुढचे हे क्रमांक. मग हेच आकडे का? अहो, तलाठी भरतीच्या यादीत स्वतःचा नंबर बघून ‘हाच का?’ असं कुणी विचारतं का?

नियमांच्या बाबतीत मन मोठं ठेवा. चौथ्या सीझनमध्ये बेटावर आधीपासून राहणाऱ्यांचा म्होरक्या बेन याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलीला गोळी घालतात आणि तो सुन्न होऊन आपल्या शत्रूबद्दल म्हणतो, त्याने नियम बदलले. कोणते नियम? कधी ठरले होते? बेनला माहीत आहेत ना, मग झालं. पाचव्या सीझनमध्ये काळप्रवास येतो आणि सोबत एक सणसणीत नियम: जे घडलं ते घडलंच, ते बदलता येत नाही. बरं वाटतं ऐकून. पण त्याच सीझनच्या पहिल्या भागात डेस्मंड नावाच्या पात्राला सांगून टाकलंय की बाबा, तुला हे लागू नाही. शेवट दोन आठवड्यांवर आलेला असताना तर एक भाग बेटाचा रखवालदार आणि त्याचा भाऊ यांच्या बालपणावर जातो. त्यात पटावर खेळताना एक दुसऱ्याला समजावतो की तू स्वतःचा खेळ काढशील, तेव्हा नियम तुझे. मुलाच्या तोंडी घातलंय, पण बोलतंय कोण ते ओळखा. त्याच भागात त्यांना वाढवणारी बाई म्हणते, एका उत्तरातून पुढचा प्रश्नच निघणार. इतक्या नम्रपणे हात वर केलेले मी तरी पाहिले नाहीत.

वॉल्ट नावाच्या मुलाच्या उंचीकडे बघू नका. बेटावर महिने सरतात, बाहेर वर्षं. पोरगं आपलं वाढत राहतं. हा मुलगा फार ‘विशेष’ आहे असं आपल्याला बजावलं होतं, तेही विसरा. ‘आजपासून ही भूमिका साकारतील’ ही पट्टी वाचून दुसऱ्या चेहऱ्याला त्याच रात्री सून मानणाऱ्या मराठी प्रेक्षकाला हे जड जाऊ नये.

एक भाग मात्र चुकूनही पाहू नका: ‘द कॉन्स्टंट’. त्यात डेस्मंड १९९६ आणि २००४ मध्ये हेलकावे खातो. यातून वाचायचं तर दोन्ही काळांत ओळखीचं एक माणूस लागतं, एवढाच नियम. तो सांगितला जातो, पाळला जातो आणि त्यातूनच नाताळच्या आदल्या रात्री त्याने प्रेयसीला केलेला तो फोन येतो. भलतं घातक प्रकरण. नियम पाळूनही डोळ्यांत पाणी आणता येतं हे एकदा कळलं, की ‘ही मालिका कोड्यांची नाही, पात्रांची आहे’ हे नेहमीचं उत्तर पुढे घशाखाली उतरत नाही.

२३ मे २०१० च्या शेवटच्या भागात सगळे चर्चमध्ये जमून एकमेकांना मिठ्या मारतात. बेटावरचं सगळं खरंच घडलं होतं, मरणानंतरची ही भेट तेवढी वेगळी, असं तिथे स्वच्छ सांगितलंय. पण वाहिनीने श्रेयनामावलीमागे रिकाम्या किनाऱ्यावरचे विमानाचे अवशेष दाखवले आणि ‘म्हणजे सगळे आधीपासूनच मेलेले होते’ अशी अनेकांनी समजूत करून घेतली. अशा माणसाला दुरुस्त करू नका. त्याला निदान एक उत्तर मिळालंय.

अस्वलाचं काय, असं अजूनही वाटत असेल तर डीव्हीडी विकत घ्यायची होती. तिच्यात बारा मिनिटांचा जोडभाग होता. दोन गोदाम कामगार बेनला अडवून म्हणतात, आम्हाला उत्तरं हवीत. बेन त्यांना एक जुनी माहितीफीत लावून देतो. बारा मिनिटांत आटोपलं. बाकीची सहा वर्षं वातावरणनिर्मिती.

पुढे याच मालिकेच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या डेमन लिंडेलॉफने ‘द लेफ्टओव्हर्स’ केली. जगातली दोन टक्के माणसं एका क्षणात नाहीशी होतात. का, ते आम्ही सांगणार नाही, हे त्याने आधीच जाहीर केलं. २०१७ च्या शेवटच्या भागात एक बाई खुर्चीत बसून ती माणसं कुठे गेली ते सांगते. दाखवत मात्र काहीच नाहीत. समोरचा म्हणतो, माझा विश्वास आहे. त्याच्याकडे नीट बघून घ्या. प्रेक्षक असावा तर असा.