फॅमिली नाही ना?

कादंबरी लिहायला घेतली तेव्हा वाटलं होतं, दोन पुरुष, एक गाडी, मुंबई-गोवा महामार्ग आणि पाऊस. बास झालं. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं गाणी लावायची, चिपळूण येईस्तोवर दोघं प्रेमात. तीन प्रकरणं घरबसल्या झालीसुद्धा. ती आमच्या ह्यांना वाचायला दिली. (बायका नवऱ्याला ‘हे’ म्हणतात ते मला लहानपणापासून आवडतं. नाव घ्यावं लागत नाही आणि तक्रार ऐटीत करता येते.)

वाचून हे म्हणाले, “तू हा रस्ता बघितलायस का कधी?”

मी जन्माचा कोकण रेल्वेवाला. म्हणून मग ऑगस्टातल्या जोडसुट्टीत संशोधनाला निघालो.

प्रेमकथेत खड्ड्याला काम एकच: डोकं खांद्यावर आदळवणं. माझं वडखळपासून काचेवर आदळत होतं. पनवेल-इंदापूर पट्ट्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. त्या साली जन्मलेल्या पोरांना आता मिसरूड फुटलंय. माझ्या दुसऱ्या प्रकरणात ‘त्यानं गिअरवरच्या हातावर अलगद हात ठेवला’ असं एक वाक्य आहे. नागोठण्याच्या पुढे मी ते करून पाहिलं.

“हात काढ, दुसरा टाकायचाय,” हे म्हणाले.

माणगावात दोन तास अडकलो. मनातलं बोलायला याहून निवांत वेळ कुठला! पण शेजारी एसटी, आणि एसटीची खिडकी नेमकी आमच्या डब्यात डोकावता येईल अशा उंचीवर. एक आजी आमच्या तिखटमिठाच्या पुऱ्या मोजत होत्या. शेवटी दोन वर पोचवल्या. त्या दोन तासांत आम्ही मनातलं एकच बोललो: मोकळं व्हायला कुठे जायचं.

सगळी मदार कशेडी घाटावर होती. वळणं, धुकं, दरी, एकमेकांवर कलणं. चौथं प्रकरण पुरतं त्याच्यावर बेतलेलं. तर आता तिथे बोगदा! घाटात अर्धापाऊण तास जायचा, तो काही मिनिटांवर आला. सगळा महाराष्ट्र खूश, माझी बारा पानं वाया.

उरला हुकमी एक्का. रात्र, पाऊस, लॉज आणि खोलीत पलंग एकच. चिपळूणच्या अलीकडे लॉज मिळालं. काउंटरमागे पाटी: ‘अविवाहित जोडप्यांना रूम मिळणार नाही.’

“फॅमिली नाही ना?” मॅनेजरकाकांनी विचारलं.

“नाही, दोघंच.”

“मग काही प्रश्न नाही. हल्ली कोणकोण येतात हो!” आणि चावी हातात.

जिन्यात हे कुजबुजले, “आपण अविवाहित जोडपंच आहोत की.” खरंच होतं ते. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं आमचं प्रेम गुन्ह्यातून सोडवलं आणि 2023 साली आमचं लग्न संसदेवर सोपवलं. म्हणजे पाटीत आम्ही शंभर टक्के बसत होतो, पण काकांना ते दिसायला तयार नव्हतं. शेजारी मुलगा-मुलगी उभे होते, त्यांच्याकडे मात्र लग्नाचा पुरावा मागणं चाललेलं. माझ्या कादंबरीत समाज आडवा येतो. इथे समाजानं जिन्यातला दिवा लावून दिला.

पलंग खरोखरच एक निघाला! मी वही काढतोय तोच दार वाजलं. पोऱ्या गादी घेऊन उभा.

“काकांनी एक्स्ट्रा गादी दिलीय. दोघं जेन्ट्स, अडचण होईल म्हणाले. पैसे नकोत.”

पाच मिनिटांनी डासांची अगरबत्ती. मग पाण्याचा जग. मग खालून निरोप, की बिनलग्नाची पोरं, नीट जेवली नसतील, घरात माशाचं कालवण उरलंय. जेवताना काकूंनी दोघांनाही स्थळं सुचवली, सख्ख्या बहिणी. “म्हणजे तुमची मैत्री तुटायला नको,” वर हेही. सोलकढीचा तिसरा पेला समोर असताना नाही म्हणणं मला तरी जमलं नाही.

रात्री ह्यांची पाठ धरली होती, त्यांना कडक अंथरूण हवं होतं. ते खाली गादीवर, मी वर पलंगावर.

“लिही,” खालून आवाज आला, “पलंग एकच होता, आणि...” पुढचं वाक्य घोरण्यात गेलं.

सकाळी काकांनी बिल घेताना पुरावा मागितला नाही, सही तेवढी घेतली. वर म्हणाले, “पुढच्या वेळी फॅमिलीला घेऊन या.”

“आणलंय की,” हे म्हणाले आणि गाडी काढायला गेले.

काका पायरी उतरून मागच्या सीटवर कोण बसलंय ते वाकून बघत होते.