‘मोबाईल काढून घ्या, विषय संपला’ : त्या मेसेजला एका शिक्षिकेचं उत्तर

शाळा सुरू झाली आणि पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागला. मी देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या हायस्कूलात शिकवते. एका आठवड्यात तो मला चार ठिकाणांहून आला. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: ऑनलाइन छळ, ब्लॅकमेल हे शहरातल्या मुलांचे प्रश्न, आपल्याकडे पोरांच्या हातातून मोबाईल काढून घेतला की झालं. शाळेने फाटकावर मोबाईलबंदीची पाटी लावली की शाळेची जबाबदारी संपली. इन्स्टाग्रामने आता मुलांसाठी वेगळी अकाउंटं केलीत, तिथे भीती नाही. आणि एवढं करूनही काही घडलंच, तर सगळं डिलीट करा, सिम बदला, गप्प बसा. पोलिसांत गेलात तर मुलीचं नाव पेपरात येईल.

पाठवणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थी आहेत, आता आईबाप झालेले. पोरांच्या काळजीपोटीच त्यांनी तो पुढे ढकलला, हे मला ठाऊक आहे. पण त्यातलं शेवटचं वाक्य वाचून मला रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसले.

पहिलं, शहराचं. पालकसभेत एक बाबा उठून म्हणाले, “बाई, आमच्या चेडवाकडे मोबायलच नाय, तेका काय होतला?” त्या मुलीकडे फोन नाही, खरं आहे. पण आजोबांचा फोन संध्याकाळी तिच्याच हातात असतो, कारण अभ्यास ग्रुपवर येतो आणि आजोबांना तो उघडता येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत हीच मुलं रेंज मिळावी म्हणून सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या उंच पठारावर जाऊन बसत होती, तेव्हा आपणच त्यांच्या हातात फोन दिले. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाला. दहावी झालेल्या मुलीला ओटीपीसाठी नंबर लागतोच. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, याचा मलाही अभिमान आहे. पण हुशार, सरळ मूल फसत नाही असं कुणी सांगितलं? सरळ मूल पटकन विश्वास ठेवतं. आणि आपल्याकडे बाप मुंबईला, आई बागेत नाहीतर मच्छीच्या बाजारात, घरात म्हातारी माणसं. फोनमध्ये काय चाललंय हे बघणारं मोठं माणूस जवळ नसतं.

मेसेजात सगळीकडे ‘मुलगी’च आहे. मुलग्यांबद्दल एक शब्द नाही. मुलीच्या नावाने खोटं अकाउंट काढायचं, गोड बोलून मुलाकडून नको तो फोटो किंवा व्हिडिओ काढून घ्यायचा आणि मग पैसे मागायचे, हा प्रकार मुलग्यांच्या बाबतीतही होतो. तो मुलगा कुणाला सांगणार? त्याला कुणी विचारतच नाही.

शाळेच्या जबाबदारीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण पाटी लावून मोकळं होण्याची सवय आमच्याच व्यवसायातली आहे. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळतं त्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. ही सक्ती मुलांना नाही, मोठ्यांना आहे, आणि शिक्षक त्यातून सुटत नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. अत्याचार फोनवरून झाला की शाळेच्या आवारात, असा फरक त्यात नाही. अल्पवयीन मुलाला तसे फोटो पाठवायला लावणं हासुद्धा याच कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा ‘ते घरी घडलं, आमच्याकडे मोबाईलबंदी आहे’ हे उत्तर चालत नाही.

आणखी एक. असं प्रकरण कळलं की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो, ‘फोटो बघू?’ मग तो ‘पुरावा’ म्हणून एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब प्रमाणे मुलाचं असं चित्र पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड. हेतू चांगला होता म्हणून त्या मुलीचा फोटो आणखी पाच जणांनी पाहिला हे बदलत नाही. ब्रिटनमधल्या शाळांसाठीच्या मार्गदर्शनात शिक्षकांना स्पष्ट सांगितलंय, असं चित्र बघू नका, कॉपी करू नका, जवळ ठेवू नका; मुलाचं ऐका आणि ठरलेल्या जबाबदार व्यक्तीला लगेच कळवा. ही ओळ आपल्या शाळांनीही भिंतीवर लावावी. आपल्याकडे मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमलेली सखी सावित्री समिती आहे, तक्रारपेटी आहे. पण मुलांना विचारा, समितीत कोण कोण आहे? पेटीची किल्ली कुणाकडे असते? माझ्या वर्गात मी विचारलं. एकही हात वर झाला नाही. यात चूक आमची आहे, मुलांची नाही.

शिवाय मुलांचे फोटो सगळ्यात जास्त नेटवर कोण टाकतं? आपणच. बक्षीस समारंभ झाला की मुलीचा चेहरा, पूर्ण नाव, इयत्ता, गाव, कधीकधी जन्मतारीखसुद्धा, सगळं त्याच संध्याकाळी फेसबुकवर असतं. चेहरा कापून दुसऱ्या चित्रावर बसवायला आता काही सेकंद लागतात. आईवडिलांना विचारल्याशिवाय मुलाचा फोटो शाळेने टाकायचा नाही, एवढा नियम तरी आपल्या हातात आहे. मी माझ्यापुरता तो पाळायला लागले, तेव्हा काही पालक रागावले. लेकीचं कौतुक जगाला दिसावं असं त्यांना वाटत होतं. रागावणं मी समजू शकते.

इन्स्टाग्रामची वेगळी अकाउंटं खरोखर आहेत. ‘टीन अकाउंट’ म्हणतात, भारतात २०२५ च्या फेब्रुवारीत आली. अनोळखी माणसाचा मेसेज येत नाही, अकाउंट आपोआप खासगी राहतं, सोळाच्या आतल्या मुलाला ही बंधनं सैल करायची तर पालकांची परवानगी लागते. चांगली सोय आहे. पण ती जन्मवर्षावर चालते. माझ्या आठवीच्या वर्गातली कित्येक मुलं इन्स्टाग्रामवर बावीस वर्षांची आहेत.

आता ते शेवटचं, ‘डिलीट करा आणि गप्प बसा’.

दोन वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्यापाशी येऊन नुसती उभी राहिली. कुणीतरी दुसऱ्या शाळेतली मुलगी असल्याचं भासवून तिच्याकडून फोटो घेतला होता आणि आता रोज धमक्या येत होत्या. तिने आधी मोठ्या भावाला सांगितलं होतं. भावाने रागाने अकाउंट उडवलं, फोन रिकामा केला, सिम खाडीत फेकलं. त्याला वाटलं, बहिणीला वाचवलं. आम्ही पोलिसांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, अकाउंटचं नाव काय होतं? तिला नीट आठवेना. भावाने ते बघितलंच नव्हतं. धमकावणाऱ्यापर्यंत जायची जी वाट होती ती आपल्याच माणसाने बुजवली होती.

म्हणून डिलीट करण्याआधी धमक्यांचे स्क्रीनशॉट घ्या. प्रोफाइलचं नाव, त्याची लिंक, नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. मग ब्लॉक करा. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या अशा चित्रांबद्दल नाव न सांगताही तक्रार देता येते. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन मूल स्वतः लावू शकतं. आणि ‘टेक इट डाऊन’ नावाची मोफत सोय अठराच्या आतल्या मुलांसाठी आहे. ती फोटोचा फक्त आकड्यांतला ठसा काढते, फोटो फोनबाहेर जात नाही, आणि त्या ठशावरून सहभागी कंपन्या तो फोटो आपल्या ठिकाणी शोधून काढतात. पण ठसा काढायला मूळ फोटो फोनमध्ये असावा लागतो. सगळं पुसून टाकलं की हेही दार बंद.

नाव पेपरात येण्याची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या वाडीत एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात पोचायला वेळ लागत नाही. पण कायदा त्या मुलीच्या बाजूने आहे: पोक्सोच्या कलम २३ प्रमाणे तिचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापणं गुन्हा आहे. कलम २४ प्रमाणे तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हवा तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. धमकी देणारा मुंबईत असो नाहीतर दुसऱ्या राज्यात, ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवून घ्यावी लागते. हे सांगूनही कुणी टाळाटाळ केली तर सोबत शाळेतलं माणूस असावं. मी जाते. प्रत्येक शाळेत असं जाणारं एक माणूस ठरलेलं असावं आणि मुलांना ते नावानिशी माहीत असावं.

त्या नववीतल्या मुलीने मला नंतर सांगितलं, ती माझ्याकडे यायला अकरा दिवस घाबरत होती. धमकी देणाऱ्याची भीती होतीच. पण जास्त भीती होती ती फोन काढून घेतील आणि शाळा सोडवतील याची. हा मेसेज आईवडिलांना नेमकं तेच करायला सांगतो, आणि मुलंही तो वाचतात.

गणपतीला चाकरमानी येतील, आपले जुने फोन पुतण्या-भाच्यांना देऊन जातील. देण्याआधी त्यातली तुमची अकाउंटं काढा. मुलासोबत बसून त्याचं खरं जन्मवर्ष टाका. १९३० आणि १०९८ हे दोन नंबर त्यात घाला. आणि फोन हातात देताना तोंडाने सांगा, काही झालं तर मी हा फोन काढून घेणार नाही, तू मला सांग.