पुरवणी मागण्या आणि आमदारांची जबाबदारी : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

पुरवणी मागण्यांवरील, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाबाहेर सरकार विधानसभेकडे मागते त्या वाढीव खर्चावरील, माझ्या लेखावर आपण लिहिले आहे : ‘सभागृहाची पायरीही न चढलेल्यांनी आमदारांना अर्थसंकल्प शिकवू नये. खर्च वाढवण्याचा अधिकार आमदारांना नाही, पक्षादेश (व्हिप) मोडता येत नाही. मग मंजुरी हा केवळ उपचार उरतो आणि जबाबदारी सर्वस्वी सरकारची. नाहीतर अमेरिकेची पद्धत आणा.’ लेखात पुरवणी मागण्यांसाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ ऐवजी २०६ पडला, हेही आपण दाखवले. २०६ लेखानुदानाचा, म्हणजे पूर्ण अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंतच्या खर्चाच्या आगाऊ मंजुरीचा आहे; चूक माझी, ती दुरुस्त केली आहे.

मात्र पायरीचा उल्लेख मला लागला, हे लपवत नाही. सभागृहाची पायरी मी चढलो नाही हे खरे. पण सभागृहाने मंजूर केलेला पैसा जिथे उतरतो, त्या जिल्हा कार्यालयाच्या लेखा शाखेत मी एकतीस वर्षे काढली. हिवाळी अधिवेशनात मंजूर झालेल्या रकमांचे वितरण आदेश मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हाती पडत, कोषागारात देयके पोहोचवताना रात्र होई, आणि जे खर्च होऊ शकले नाही ते समर्पित करून, म्हणजे सरकारला परत करून, तेच काम पुढच्या वर्षी पुन्हा मागणीत घालावे लागे. मागच्या पुरवणीतील पैशांचे काय झाले, असा प्रश्न कोणा आमदाराकडून आमच्या शाखेपर्यंत त्या एकतीस वर्षांत एकदाही आला नाही. हे ज्याने पाहिले आहे त्याला बोलण्याचा अधिकार नसेल, तर तो कोणाला आहे, हे आपणच सांगावे.

राज्यपालांच्या शिफारशीशिवाय अनुदानाची मागणी करता येत नाही, म्हणून खर्च सुचवणे सरकारचे काम आहे, यावर आपला वाद नाही. पण त्याच अनुच्छेद २०३ ने मागणी नाकारण्याचा किंवा तिच्यात कपात करण्याचा अधिकार विधानसभेला दिला आहे. महाराष्ट्र विधिमंडळाच्या २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ६ लाख १२ हजार कोटींहून अधिक खर्चाचा अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्याच अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, म्हणजे एक सप्तमांशाहून अधिक. मूळ अंदाजात ही रक्कम का नव्हती, हे विचारणे ज्यांचे काम होते त्यांना आपण जबाबदारीतून मोकळे करता, हे मला मान्य नाही.

पक्षादेश मतदानाच्या वेळी लागू होतो. कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, देण्याला किंवा सरकारी खर्च तपासणाऱ्या आमदारांच्या लोकलेखा समितीत महालेखापरीक्षकांचा अहवाल वाचून सचिवांना जाब विचारण्याला तो आड येत नाही. अमेरिकेचा, म्हणजे विधिमंडळानेच खर्च ठरवण्याचा, मुद्दा येथे गैरलागू आहे, कारण तिथले मंत्रिमंडळ विधिमंडळाला उत्तरदायी नसते.

आपणास आमदारांची बाजू मांडायची असेल, तर आपल्या मतदारसंघाच्या आमदारांनी गेल्या पाच वर्षांत कोणत्या मागणीवर कपात सूचना दिली आणि तिचे पुढे काय झाले, ते लिहा. मी ते शब्दशः छापीन. पायरीची भाषा मात्र माझ्याशी पुन्हा करू नये.