वैद्यकीय नियतकालिकाच्या नव्या समीक्षकास

एखाद्या नामवंत वैद्यकीय नियतकालिकाने आपल्याकडे शोधनिबंध परीक्षणासाठी पाठवला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. या कामाला बहुधा मानधन नसते आणि नावही गुप्त राहते. तेव्हा मोबदल्याच्या मानानेच डोळे उघडे ठेवावेत.

वाचनाला शेवटाकडून, म्हणजे संदर्भसूचीपासून सुरुवात करावी. तिच्यात आपले नाव नसेल, तर लेखकांचा व्यासंग अपुरा आहे हे उघडच आहे; ‘पुढील महत्त्वाच्या अभ्यासांची दखल घेणे आवश्यक आहे’ असे लिहून खाली आपलेच तीन निबंध सुचवावेत. हा निनावी समीक्षक कोण, हे लेखकांच्या तत्क्षणी ध्यानात येते, परंतु ते तिन्ही निबंध निमूटपणे उद्धृत करतात आणि ‘मौलिक सूचनांबद्दल’ आपले आभारही मानतात.

चुका शोधण्याच्या बाबतीत मात्र परंपरेला धरून असावे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने स्वीकारलेल्या एका निबंधात मुद्दाम आठ उणिवा पेरून तो ४२० समीक्षकांकडे धाडला होता. अभिप्राय देणाऱ्या २२१ जणांनी सरासरी दोन उणिवा दाखवल्या आणि १६ टक्क्यांना एकही दिसली नाही. तिसरी उणीव दाखवून आपण व्यवसायबंधूंना खाली पाहायला लावू नये. त्यापेक्षा इंग्रजी सुधारण्याची आणि नमुनासंख्या वाढवण्याची सूचना करावी. ती कोणत्याही निबंधाला, न वाचताही, लागू पडते.

मूळ विदा (डेटा) मागण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. मे २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये कोविडच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधावरचा एक निबंध रीतसर परीक्षण होऊन छापला गेला. त्यात सहा खंडांतील ६७१ रुग्णालये आणि ९६,०३२ रुग्ण होते, आणि ही सारी माहिती एका छोट्या अमेरिकी कंपनीच्या संगणकात होती. त्यावर विसंबून जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाच्या चाचण्या तात्पुरत्या थांबवल्या. पुढे काही चिकित्सक मंडळींनी आकडे ताडून पाहिले, तेव्हा २१ एप्रिलपर्यंत ऑस्ट्रेलियात या निबंधानुसार कोविडचे ७३ मृत्यू, तर साऱ्या देशाच्या नोंदीत ६७, असा हिशेब निघाला. आशियातील एक रुग्णालय चुकून ऑस्ट्रेलियात नोंदले गेले, असा खुलासा कंपनीने केला. (रुग्णालय खंड बदलते, तरी रुग्णांना पत्ता नसतो!) अखेर स्वतंत्र तपासणीसाठी संपूर्ण विदा द्यायला कंपनीने नकार दिला आणि ४ जूनला चारपैकी तीन लेखकांनी निबंध मागे घेतला. जी तपासणी लेखकांनाच निबंध छापून आल्यावर सुचली, ती समीक्षकाने आधीच मागणे याला उतावीळपणा म्हणतात.

राहता राहिली मुदत. तिसरे स्मरणपत्र येईपर्यंत निबंध उघडू नये; मग तो आपल्या निवासी डॉक्टरकडे सोपवावा, म्हणजे रात्रपाळीत त्याचा वेळ सत्कारणी लागेल. गोपनीयतेची अट त्याला सांगितलीच नाही, की ती मोडल्याचा दोष त्याच्याकडे जात नाही. दिरंगाईची लाज मात्र बाळगू नये. दक्षिण कोरियातील औषधी वनस्पतींच्या एका संशोधकाने समीक्षक म्हणून बनावट ईमेल पत्ते सुचवले आणि आपल्याच निबंधांचे परीक्षण आपणच केले. २०१२ मध्ये ते उघडकीस आले. संपादकांना संशय आला तो अभिप्रायातील स्तुतीमुळे नव्हे, तर ते अभिप्राय चोवीस तासांच्या आत येत होते म्हणून.