अहो, पण तुमचं म्हणणं काय?

अठरा निबंध तपासून झाले. त्यातले तेरा ‘आजच्या धावपळीच्या युगात’ने सुरू! अरे, धावतंय कोण? निबंध तर पहिल्या पानावरून हलायला तयार नाही.

विषय काय होता? हजेरीची सक्ती असावी का. हो म्हणा, नाही म्हणा, भांडा! पण छे. ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात.’ मग अर्धं पान फायदे, अर्धं पान तोटे, शेवटी ‘अति तेथे माती’. बाजू मांडायला सांगितली होती, पंचगिरी करायला नाही!

एकाने लिहिलं, ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे.’ समासात लाल शाईने विचारलं, कोणाच्या? कधी? गडी सुधारून घेऊन आला: ‘अनेक संशोधनांनी सिद्ध झाले आहे.’ धन्य!

आणि प्रतिवाद? ‘काही लोक विरोध करतात, पण ते चूक आहेत.’ झालं, विरोधक गारद.

पण पोरांना तरी काय बोलणार? स्टीफन टूल्मिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्येच सांगून ठेवलंय, दावा आणि पुरावा यांच्यामध्ये एक दुवा लागतो: हा पुरावा या दाव्याला लागू का पडतो? तो दुवा शिकवायला आम्हाला सवड कुठंय? आम्ही पाच परिच्छेद मोजायला शिकवतो. गुणांच्या तक्त्यात प्रतिवादाला दोन गुण, टापटिपीला पाच! मग पोरं पट्टीने रेघाच मारणार ना?

गठ्ठ्यात अजून बावीस आहेत. सगळ्यात वरच्याची पहिली ओळ इथूनच दिसतेय. ‘आजच्या धाव...’