थोडीशीच हलते

आज सकाळी दात घासत होतो आणि शॉवरखालची एक टाइल आपण होऊन बादलीत उतरली. कुणी ढकललं नाही की काही नाही. फुटलीसुद्धा नाही, तिला फक्त तिथे राहायचं नव्हतं. मागच्या अॅडहेसिव्हचे पाच गोळे (चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक) तस्से भिंतीला चिकटलेले आणि टाइलची पाठ कोरी करकरीत, जणू या भिंतीशी तिची ओळखच नाही.

भिंत हलते हे मला आधीपासून माहीत होतं हो. विटांची नाहीये ती, लोखंडी पट्ट्यांच्या फ्रेमवर बोर्ड ठोकलेलं पार्टिशन आहे. दार आपटलं की आरशातला मी थरथरतो. तेव्हाच मी मिस्त्रींना म्हटलं होतं, बोर्ड काढा, उभ्या पट्ट्यांमधे आडवे तुकडे टाकून फ्रेम घट्ट करा, पट्ट्यांमधलं अंतर 400 मिलिमीटरच्या वर नको, वरून सिमेंट बोर्ड मारा आणि मग टाइल्स. मिस्त्री म्हणाले, ‘थोडीशीच हलते साहेब.’ आता हे ‘थोडीशीच’ बघा, दाढ थोडीशीच हलते म्हणून कुणी तिच्यावर सोन्याचं टोपण बसवतं का? पण भिंतीला चालतं.

आणि तिथेच आमचे मामा उभे होते. मामा म्हणजे बायकोचे मामा, त्यामुळे मला उलट बोलायची सोय नाही. मामा भिंतीला तळहात लावून डोळे मिटून म्हणाले, ‘जावईबापू, भिंत जरा हललीच पाहिजे. झाड हलतं म्हणून टिकतं.’ झाडाला टाइल्स लावलेल्या नसतात हे मला सुचलं, पण रात्री, अंथरुणावर. फ्रेमचं काम रद्द झालं आणि मिस्त्री मामांच्या पाया पडायचेच बाकी राहिले.

तर तेच मामा आज बातमी ऐकून तासाभरात हजर. बादलीतली टाइल उचलून बघितली, नाकाला लावली (वास कसला येणार?), मग खिशातून मार्कर काढला आणि तपासणी सुरू. एकेका टाइलवर बोटाच्या पेराने टक टक, कान भिंतीला, आणि मला हाताने ‘श्श!’ मी फ्रीज बंद करून आलो, कारण त्याचा आवाज मधे येतो म्हणाले. टक टक. ‘ही भरीव.’ टक टक. ‘ही गेली.’ गेलेल्या टाइलवर फुली. पोकळ आवाज म्हणजे मागे हवा आहे एवढं मलाही कळतं, ओल्या जागी टाइलच्या पाठीला जवळजवळ सगळीकडे, पंचाण्णव टक्के तरी, अॅडहेसिव्ह लागलेलं हवं, इथे गोळे मारलेत, मग पोकळच वाजणार ना. पण बोलतो कोण. अकरा फुल्या झाल्यावर मामा मागे सरकले आणि म्हणाले, ‘जावईबापू, फ्रेम घट्ट न करता टाइल्स लावायला तुम्हाला कुणी सांगितलं?’

मी बायकोकडे बघितलं. तिने नळाकडे बघितलं.

मग मामांनी मला समजावलं की लवचिक अॅडहेसिव्ह मिळतं. मिळतं ना! पिशवीवर एस1 लिहिलेलं असलं तर त्याचा वाळलेला थर किमान अडीच मिलिमीटर वाकून टिकतो, एस2 असेल तर पाच, हे मीच महिन्याभरापूर्वी त्यांना फोनवर वाचून दाखवलं होतं आणि तेव्हा ते ‘ही सगळी कंपन्यांची थेरं’ म्हणाले होते. आणि ते वापरलं म्हणून डुलणारी भिंत काही गप्प बसत नाही, आधी फ्रेमच सुधारावी लागते. कोपऱ्यातसुद्धा दोन भिंती आपापल्या मर्जीने हलतात म्हणून तिथे रबरासारखं ताणलं जाणारं सिलिकॉन हवं, तर तिथेही ग्राउटच (टाइल्सच्या फटींत भरतात तो कडक मसाला) भरलाय, त्याला वरपासून खालपर्यंत केसाएवढी चीर गेलीय आणि रोज पाणी आत जातंय. मिस्त्री फोन उचलत नाहीत. आता टाइल्स, बोर्ड सगळं उतरवायचं, म्हणजे तेच काम दुप्पट, आणि तोपर्यंत आंघोळ शेजाऱ्यांकडे, टॉवेल खांद्यावर टाकून.

जाताना मामांनी एक फुली नसलेली टाइल अंगठ्याने दाबून बघितली. ती आत गेली आणि बाहेर आलीच नाही. मामा म्हणाले, ‘ही बारावी,’ आणि फुली मारली.

स्पिरिटने टाइलवरच्या फुल्या निघाल्या. ग्राउटमधे उतरलेल्या त्यांच्या शेपट्या मात्र निघत नाहीयेत, दुपारपासून घासतोय. आणि घासलं की भिंत हलते.