चाळीस वेळा अमिता दास

ब्रिटिशांविरुद्ध लढलेल्या चितगावच्या (आता बांगलादेशात) क्रांतिकारक प्रीतिलता वड्डेदारवरच्या पोस्टी वाचा. क्लबवर हल्ला, सायनाइड, वय २१, विनम्र अभिवादन, की झालं. (वड्डेदार ही घराण्याला मिळालेली पदवी, मूळ आडनाव दासगुप्ता.) माझ्या मते तिचं काम कळायला आधी कलकत्त्याच्या अलीपूर तुरुंगाकडे बघावं लागतं.

डिसेंबर १९३० मध्ये रामकृष्ण विश्वास आणि कालीपद चक्रवर्ती चांदपूर स्टेशनवर पोलीस महानिरीक्षक क्रेगला मारायला गेले. माणूस ओळखण्यात चूक झाली आणि मेला इन्स्पेक्टर तारिणी मुखर्जी. विश्वासांना फाशीची शिक्षा लागली. घरचे लांब चितगावकडे, कलकत्त्याला यायला पैसे नाहीत. तेव्हा बेथून कॉलेजात तत्त्वज्ञान शिकणारी प्रीतिलता 'अमिता दास' या नावाने, त्यांची बहीण म्हणून भेटायला जाऊ लागली. एकदोनदा नव्हे, सुमारे चाळीस वेळा! नाव खोटं, नातं खोटं. एकदा जीभ घसरली असती तरी सगळं उघडं पडलं असतं. ४ ऑगस्ट १९३१ ला ते फासावर गेले, तोवर तिने हे निभावलं. मला हे पिस्तूल चालवण्याहून अवघड वाटतं.

तिने पुढे हल्ला केला तो चितगावातल्या पाहाडतलीचा युरोपियन क्लब खरं तर १८ एप्रिल १९३० लाच, चितगावच्या शस्त्रागारावर क्रांतिकारकांनी केलेल्या हल्ल्याच्या रात्री, त्यांचं लक्ष्य होता. पण त्या दिवशी गुड फ्रायडे, क्लबात चिटपाखरू नव्हतं. शस्त्रागारातही बंदुका हाती लागल्या, काडतुसं सापडलीच नाहीत. इतक्या महिन्यांच्या तयारीत नेमकं हेच सुटलं.

१७ सप्टेंबर १९३२ ला तिची सहकारी कल्पना दत्त पुरुषवेषात पाहाडतलीत पकडली गेली. तरी गटाचे नेते 'मास्टरदा' सूर्य सेन यांनी बेत रद्द केला नाही. आठवडाभरात प्रीतिलता पंजाबी पुरुषाच्या वेषात तुकडी घेऊन गेली. रात्री पावणेअकराच्या सुमारास गट पाडून क्लबवर गोळीबार झाला, बॉम्ब पडले. एक युरोपियन बाई मेली, अकराजण जखमी झाले. हेही सांगायला हवं, ते गाळून इतिहास लिहू नये. प्रीतिलतालाही गोळी लागली, पण शवविच्छेदनानुसार ती जखम जिवावरची नव्हती. जीव गेला पोटॅशियम सायनाइडने. सोबतचे निसटले.

बेथूनमधून ती बी.ए. झाली होती, पण सरकारने पदवी रोखली. कलकत्ता विद्यापीठाने ती दिली २०१२ मध्ये.

झडतीत तिच्याजवळ पत्रकं, शिट्टी, हल्ल्याचा नकाशा सापडला. आणि रामकृष्ण विश्वासांचा फोटो.